खालचं, डावीकडचं पान

बाईंच्या टोमॅटोवर पहिला ठिपका घड्याळजींना पाचव्या दिवशी सकाळी दिसला.

ठिपका मुगाच्या दाण्याएवढा होता. तपकिरी, आणि भोवती पिवळसर कडा. घड्याळजी वाफ्यापाशी गुडघ्यावर बसले, खिशातलं भिंग काढून डोळ्यावर चढवलं आणि पान जवळ ओढलं. ठिपक्याच्या आत एकात एक अशी बारीक वर्तुळं होती. घड्याळांतल्या केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. इतकं नाजूक काम एखाद्या तबकडीवर दिसलं असतं तर त्यांनी कारागिराला मनोमन दाद दिली असती. पण हे पान होतं आणि पान बाईंचं होतं.

बाई म्हणजे शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय शहात्तर. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यात घड्याळजीही. ते स्वतः बासष्टीला पोचले होते, पण कुंपणापलीकडून बाईंचं "अरे" ऐकू आलं की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जाई. नातीला मुलगी झाली म्हणून पणतीचं तोंड पाहायला बाई महिन्यासाठी लेकीकडे गेल्या होत्या. जाताना फाटकाची किल्ली घड्याळजींच्या हातात ठेवून म्हणाल्या होत्या, "सहा झाडं आहेत. ह्यांनी वर्षानुवर्षं जपलेलं बी आहे ते. डब्यातलं बाकीचं ओल लागून कुजलं. आता ही सहा आहेत म्हणून वाण आहे. तू फक्त पाणी घाल."

"त्यात काय बाई!" घड्याळजी म्हणाले होते.

आयुष्यात माणसाच्या ज्या काही फजित्या होतात, त्यातल्या निम्म्या "त्यात काय" या दोन शब्दांपासून सुरू होतात.

ठिपकेवालं पान तोडून त्यांनी घरी आणलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. घड्याळजींनी पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

"हे काय वाटतं तुला?"

"पान वाटतं."

"अगं, त्यावरचा ठिपका बघ. रोग आहे हा. भिंगातून बघितलं मी नीट. वर्तुळं आहेत आत."

"मी आठवडाभर खोकतेय," काकू शांतपणे म्हणाल्या. "माझ्याकडे नाही कधी भिंग लावून बघितलंत ते!"

"तुझं बी काही कुणी जपून ठेवलेलं नाही," असं घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं, आणि दुपारच्या जेवणाची आशा सोडून त्यांनी घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या पत्र्याच्या डबीत पान घातलं आणि बाजाराची वाट धरली.

खतं-बियाण्यांच्या दुकानातला माणूस मोठा समजूतदार होता. त्याने पान उलटंपालटं करून पाहिलं आणि डॉक्टर विचारतात तसे प्रश्न विचारले. पहिलं पान खालचं होतं की शेंड्याकडचं? ठिपके गोल की वेडेवाकडे? पाणी कसं घालता?

"झारीने. वरून. झाडाला आंघोळ घातल्यासारखं," घड्याळजी अभिमानाने म्हणाले.

"तिथेच चुकलं काका. करपा आहे हा. पानं ओली राहिली की येतो. मातीतून उडतो आणि खालून वर चढतो. घाबरायचं काही नाही. खालची पानं काढा, आणि ही निळी पूड लिटरला अडीच ग्रॅम टाकून फवारा. फक्त एक करा, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात नको."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. ते तसेच घरी आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एकदा दुखणं कळलं की दुसऱ्याला दाखवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. वाटेत औषधाचं दुकान होतं. तिथला औषधवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं मनगटी घड्याळ वर्षातून तीनदा त्यांच्याकडे येई. घड्याळजींनी काउंटरवर डबी उघडली.

तासभर पत्र्याच्या डबीत, खिशाच्या उबेत राहिल्यामुळे पान एव्हाना कडेने वळून द्रोणासारखं झालं होतं.

औषधवाला एक पाऊल मागे सरला. "अरे बापरे! पान आत वळलंय. हा विषाणू. आमच्या साडूची अख्खी बाग गेली यात. याला औषध नाही घड्याळजी. पांढरी माशी पसरवते. ज्या झाडाची पानं वळली असतील ते मुळासकट उपटा, आणि बाकीच्यांवर साबणाचं पाणी मारा. आजच्या आज."

"पण तो बियाणेवाला म्हणाला करपा..."

"त्याला पूड विकायचीय. मला यात काय विकायचंय? सांगा!"

हा युक्तिवाद घड्याळजींना पटला. बाईंच्या अंगणात पोचले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि ऊन रणरणत होतं. अशा उन्हात टोमॅटोची पानं थोडी वळतातच. कोपऱ्यातल्या सहाव्या झाडाची जरा जास्तच वळली होती. घड्याळजी त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. एकाचा बळी देऊन पाच वाचवायची, असं त्यांनी मनाशी तीनदा म्हटलं. मग डोळे मिटून झाड उपटलं.

संध्याकाळी तेच झाड फाटकापाशी पडलेलं काकूंना दिसलं. उपटून चार तास झाले होते, पण ऊन उतरल्यावर त्याची पानं छान सपाट झाली होती.

"चांगलं तर होतं की हो हे," काकू म्हणाल्या.

घड्याळजींनी ते लगेच परत लावलं, तांब्याने पाणी घातलं, रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. सकाळपर्यंत झाडाने मान टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना भिंगातून तो राक्षस दिसला. करड्या रंगाचा, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, मगरीसारखी पाठ. भिंगात तो बोटभर मोठा दिसला आणि घड्याळजी मागच्या मागे वाफ्यात बसले. मग धीर करून चिमट्याने त्याला डबीत घातलं आणि पुन्हा बियाण्यांचं दुकान गाठलं.

"सापडला!" त्यांनी डबी ठेवली. "हाच तो. सगळ्याचं मूळ."

दुकानदाराने डबीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ही ढालकिड्याची अळी. मित्रकीड आहे ही. झाडावरचा मावा खाऊन टाकते. हिला आणलंत कशाला इथे? बिचारी उपाशी असेल."

घड्याळजी तिला घेऊन परत आले आणि ज्या पानावरून उचलली होती त्याच पानावर अलगद सोडली. "माफ कर बाई," असंही म्हणाले. कुंपणापलीकडून काकू ऐकत होत्या.

"बाईंचा फोन आला का?"

"नाही. अळीशी बोलतोय."

यावर काकूंनी काही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात काय विचारायचं नाही हे कळतं.

आता दोन डॉक्टरांची दोन औषधं होती. घड्याळजींनी तोडगा काढला, दोन्ही द्यायची. सकाळी साबणाचं पाणी झालं. निळी पूड संध्याकाळी फवारायची होती, पण संध्याकाळी एका शाळेतून भिंतीवरचं मोठं घड्याळ न्यायला माणूस यायचा होता आणि त्याचा लंबक अजून बसवायचा होता. तेव्हा आत्ताच उरकून टाकू, म्हणून त्यांनी दागिन्यांच्या काट्यावर अडीच ग्रॅम पूड मोजली, न जास्त न कमी, आणि बरोबर साडेबारा वाजता फवारणी केली. माप अचूक होतं. वेळ तेवढी चुकली, आणि तीही एका घड्याळजीची.

तिसऱ्या दिवशी पाचही झाडं अशी दिसत होती की कुणी त्यांना तव्यावर भाजून वर निळा चुना लावावा. पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या.

काकूंनी एक चक्कर मारली. "आधी झाडांना रोग झाला होता," त्या म्हणाल्या, "आता औषध झालंय."

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"अरे, कशी आहेत झाडं?"

"मजेत आहेत बाई!" घड्याळजींचा आवाज शाळेत चढायचा तसा चढला.

"एक फोटो काढून पाठव बरं. सगळ्यांचा मिळून."

"आत्ता?"

"का, झाडं कुठे बाहेर गेलीयत का?"

फोन ठेवला तेव्हा घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खरा फोटो पाठवावा तर नवऱ्याच्या वाणाची ती दशा पाहून बाईंना तिथे लेकीच्या घरी काय वाटेल? न पाठवावा तर बाई पुढच्या गाडीने येतील. "खरं सांगून टाका," काकू म्हणाल्या. "ओरडतील आणि गप्प बसतील." पण घड्याळजींना यातलं पहिलंच ऐकू आलं.

गल्लीच्या टोकाला बेकरीवाल्यांचं घर होतं. त्यांच्या मागच्या कुंपणाला टेकून सात-आठ टोमॅटो उभे होते. हिरवेगार, छातीएवढे, पाहून दृष्ट लागावी असे. बेकरीवाले पहाटेची भट्टी उरकून दुपारी झोपत. घड्याळजी मागच्या बोळात गेले, इकडेतिकडे पाहिलं, कुंपणाच्या फटीतून फोन आत घातला आणि सहाच झाडं मावतील असा फोटो काढून पाठवून दिला. चोरी केली असं त्यांना वाटलं, पण चोरलं काय ते सांगता आलं नसतं.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"छान दिसतायत," बाई म्हणाल्या. घड्याळजींनी सुस्कारा सोडला. "पण खाली बघ जरा. डावीकडचं, अगदी खालचं पान. ते बरं नाही दिसत मला."

"कुठलं बाई?"

"झाडं तुझ्यापुढे आहेत की माझ्यापुढे? जा, बघून ये. मी थांबते."

घड्याळजी फोन कानाला लावून बोळात धावले. कुंपणापाशी पालथे पडून फटीतून भिंग रोखलं. डावीकडचं झाड, अगदी खालचं पान. त्यावर मुगाएवढा तपकिरी ठिपका होता, आत एकात एक वर्तुळं.

परगावी बसून, तळहाताएवढ्या फोनवर, बाईंना ते दिसलं होतं जे त्यांना दोन हातांवरून दिसलं नव्हतं.

"आहे बाई," ते खोल आवाजात म्हणाले. "करपा आहे."

"वाटलंच मला. आता ऐक. मातीला टेकलेली सगळी पानं काढायची. खालून वीतभर खोड मोकळं दिसलं पाहिजे. काढलेली पानं तिथे टाकायची नाहीत. मातीवर वाळकं गवत पसर, म्हणजे पाणी उडणार नाही. पाणी सकाळी, मुळाशी. पानाला थेंब लागता कामा नये. समजलं? उद्या फोटो पाठव."

फोन बंद झाल्यावर घड्याळजींच्या हळूहळू ध्यानात आलं की उद्याच्या फोटोत बेकरीवाल्यांच्या झाडांची खालची पानं काढलेली दिसायला हवीत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

संध्याकाळी त्यांनी आधी बाईंच्या पाच झाडांवर तेच सगळं केलं. करपलेली, भाजलेली पानं काढली. गवत पसरलं. झाडं पिसं काढलेल्या कोंबड्यांसारखी दिसू लागली, पण निदान मोकळी तरी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बायकोची शिवणाची कात्री घेऊन बेकरीवाल्यांच्या मागच्या फाटकातून आत शिरले.

चौथ्या झाडापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग डोक्यावरची खिडकी उघडली.

"कोण आहे रे?"

घड्याळजी कात्री हातात, भिंग डोळ्यात, असे उकिडवे वळले. खिडकीत बेकरीवाले बनियनवर उभे होते. त्यांनी डोळे चोळले.

"घड्याळजी? तुम्ही? माझ्या टोमॅटोत किती वाजले?"

"मी... पानं मोजत होतो."

"कात्रीने?"

बेकरीवाले खाली आले तोवर पळून जायला पुरेसा वेळ होता, पण घड्याळजींचे गुडघे एकदा वाकले की सहजी सरळ होत नसत. सगळं सांगावं लागलं. ठिपका, दोन डॉक्टर, उपटलेलं झाड, निळी पूड, फोटो. बेकरीवाले कमरेवर हात ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे माझ्या झाडांना रोग आहे?"

"आहे. पण..."

"आणि तो बाईंना फोटोत दिसला?"

"दिसला."

"अहो, मी रोज बघतो! मला वाटायचं पिठाचे हात लागून पानं खराब झालीयत." बेकरीवाल्यांनी मान हलवली. "धन्य आहे बाईंची. मला सातवीत नापास केलं होतं त्यांनी, तेव्हाही असंच. मी स्वतःला पास वाटत होतो. आता असं करा घड्याळजी, उरलेली चार झाडंही करून टाका. आणि बाईंना विचारा, फुलं गळतायत त्याचं काय?"

तेव्हापासून रोज दुपारी घड्याळजी बेकरीवाल्यांच्या परसात फोटो काढू लागले. बाईंचा फोन आला की बेकरीवाले कानाला कान लावून उभे राहत आणि बोटांनी खाणाखुणा करून प्रश्न सुचवत. फुलांचं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "खत जास्त झालं असेल. हात आवर." बेकरीवाल्यांनी तोंडावर हात ठेवला, कारण गेल्याच आठवड्यात त्यांनी पोतंभर खत ओतलं होतं. एकदा बाई नुसत्या म्हणाल्या, "मधल्या झाडाला हवा लागत नाहीये," आणि खरंच मधलं झाड दोन बाजूंच्या झाडांत चेपलं होतं. प्रत्येक वेळी बेकरीवाल्यांचा आदर वाढे आणि घड्याळजींना भट्टीतला गरम पाव मिळे. पाव देताना बेकरीवाले दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत, "फोटोत रोग ओळखतात बाई. नुसत्या फोटोत! डॉक्टर लोक रक्त काढतात, यांना तेही लागत नाही."

बाईंनी सांगितलेलं प्रत्येक काम घड्याळजी घरी परतताना बाईंच्या पाच झाडांवरही करत. पहिला आठवडा ती झाडं नुसती उभी होती. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी शेंड्याला बोटाच्या पेराएवढं नवं पान दिसलं, फिकट हिरवं, लवदार, एकही डाग नसलेलं. घड्याळजींनी ते भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून पाहिलं, मग काकूंना बोलावून दाखवलं. काकू खोकत खोकत आल्या. त्या दिवशी घड्याळजींनी स्वतःहून त्यांच्यासाठी खोकल्याचं औषध आणलं. पूड नाही, साबण नाही, साधं औषध.

झाडं सुधारत होती, पण घड्याळजींचं मन सुधारत नव्हतं. फोनवर बाई "शाबास" म्हणाल्या की त्यांना जास्तच वाईट वाटे. साठ पार केलेल्या माणसाला त्यांच्या तोंडून पहिल्यांदा शाबासकी मिळत होती, आणि ती दुसऱ्याच्या झाडांची होती. शिवाय सहाव्या झाडाचा रिकामा खड्डा रोज त्यांच्याकडे बघत असे. "बाई आल्या की सगळं सांगायचं," त्यांनी ठरवलं. बाई यायला अजून चार दिवस होते. शब्द जुळवायला तेवढे पुरले असते.

बाई दोन दिवस आधीच आल्या.

घड्याळजी तेव्हा बेकरीवाल्यांकडे झाडांना सुतळी बांधत होते. काकू धापा टाकत निरोप घेऊन आल्या. "अहो, गाडी आली! बाई सरळ वाफ्यापाशीच गेल्यात!"

घड्याळजी पोचले तेव्हा बाई पाटावर बसून एकेका झाडाला हात लावत होत्या. खोडावरून बोटं फिरवत, पानाची कड चिमटीत धरत, शेंड्याचा वास घेत. ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. जवळ गेल्यावर ते ऐकू आलं.

"...चार. पाच." हात पुढे सरकला आणि रिकाम्या मातीवर थांबला. "अरे, सहावं कुठाय?"

जुळवलेले सगळे शब्द घड्याळजी विसरले. जे होतं ते एकदम बाहेर आलं. "मी उपटलं बाई. चांगलं होतं, पण मी उपटलं. बाकीची मी औषधाने भाजली. आणि फोटो या झाडांचे नव्हतेच. बेकरीवाल्यांच्या झाडांचे होते. पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोललो."

काकू फाटकाशीच थांबल्या होत्या. त्यांच्यामागे बेकरीवाले, हातात सुतळीचा गुंडा तसाच. घड्याळजींनी नकळत हात पाठीमागे बांधले होते.

"बेकरीवाल्यांच्या झाडांचे?" बाईंनी हळू विचारलं.

"हो बाई."

"आणि त्या पानावर खरंच रोग होता?"

"होता. तुम्ही म्हणालात तिथेच. डावीकडे, खाली."

बाईंचे खांदे हलायला लागले. घड्याळजींना वाटलं रडतायत. ते घाबरून पुढे झाले, तर बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी खूण करून घड्याळजींना जवळ बसवलं आणि फाटकापर्यंत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "मला त्या फोटोत काहीच दिसत नव्हतं रे."

"म्हणजे?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं की लेक म्हणणार आमच्याकडेच येऊन राहा. फोनमध्ये मला हिरवा डाग दिसायचा नुसता."

"पण तुम्ही बरोबर सांगितलंत! एकदा नाही, दर वेळी!"

"शाळेत फळ्यावर लिहिताना पाठ वर्गाकडे असायची. मध्येच म्हणायचं, 'मागच्या बाकावर डावीकडे काय चाललंय ते दिसतंय मला.' काहीतरी चाललेलं असायचंच. टोमॅटोचंही तसंच आहे. कुठलंही झाड घे, खालचं पान कधी धड नसतं. मधल्या झाडाला हवा कमीच मिळते. आणि खत? नवा माणूस खत जास्तच घालतो." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तू बघत होतास म्हणून झाडं वाचली. मी नुसती बोलत होते."

हसावं की रागवावं हे घड्याळजींना ठरेना. शेवटी त्यांना एवढंच सुचलं, "आणि वाण?"

"पाच आहेत ना? एकाच फळात पन्नास बिया असतात. पुढच्या वर्षी निम्म्या तुझ्याकडे लाव. एका ठिकाणी ठेवलं म्हणून तर कुजलं." मग त्यांचा आवाज पुन्हा मुख्याध्यापिकेचा झाला. "आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुढच्या सोमवारी तू येणार आहेस माझ्याबरोबर. लेकीला काही बोलायचं नाही. खोटं बोलायची सवय आहेच तुला."

"हो बाई."

बेकरीवाल्यांना मात्र राहवलं नाही. ते फाटकातूनच ओरडले, "बाई, माफ केलंत ना यांना? आणि तेवढं... माझ्या दुकानात चार जण विचारत होते. उद्या घेऊन येऊ का?"

"कशाला?" बाईंनी विचारलं, पण बेकरीवाले निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी पाणी घालायला आले तर बाईंच्या फाटकापुढे रांग होती. टपालवाली, शिंप्याची सून, बँकेतला शिपाई आणि सगळ्यांच्या शेवटी खाली मान घालून औषधवाला. प्रत्येकाच्या हातात कागदात नाहीतर पिशवीत जपून आणलेली पानं होती. बाई ओसरीवर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. घड्याळजींना पाहताच त्यांनी दुसरी खुर्ची आपल्या कानाशी ओढून घेतली.

"बस इथे," त्या हळूच म्हणाल्या. "तू बघ, मी बोलते."

टपालवाली पुढे आली आणि तिने कागदाची पुडी बाईंच्या हातात दिली. घड्याळजी भिंग शोधायला खिसे चाचपू लागले. बाईंनी मात्र पुडी उघडायचीही वाट पाहिली नाही.

"खालचं पान आहे ना हे?"

टपालवालीचे डोळे विस्फारले. "अगंबाई! कसं ओळखलंत?"